विस्तव सजीव की निर्जीव

भट्टी सकाळपासून रुसली होती. धूर द्यायचा म्हणून देत होती, मनापासून नाही. एका अंगाला माती खचून भेग पडली होती, आणि या दिवसांत एरवी झाडाचं पानही न हलवणारा वारा यंदा नेमका हात धुऊन मागे लागला होता. कोळशाच्या भट्टीत वारा शिरला की संपलंच. लाकडाचा कोळसा व्हायचा तो होत नाही, राख होते, आणि राखेची पोती कोण उचलणार, कपाळ!

थोरली भट्टीवर आडव्या टाकलेल्या फळीवर उकिडवी बसून भेगेत ओला चिखल दाबत होती. भट्टी म्हणजे तरी काय, पुरुषभर उंच रचलेली लाकडं, त्यांवर पाला, पाल्यावर थापलेली माती आणि तळाशी चहूकडून भोकं. आत लाकूड जळू द्यायचं नाही, नुसतं भाजू द्यायचं. त्यासाठी भोकं कधी उघडायची आणि कधी बुजवायची, एवढंच काम. एवढंच म्हणायचं आपलं; त्या एवढ्याशा कामात माणसाची झोप जाते, डोळे जातात, कंबर जाते.

खाली तिची धाकटी बहीण चिखलाचं घमेलं घेऊन उभी होती. दहा वर्षांची पोर, केसांत राख, पायात बापाच्या जुन्या चपला. तिचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाभळीच्या फांदीला टांगलेलं होतं. मागे एकदा थोरलीने प्रेमाने पुस्तक उघडलं आणि पृथ्वीच्या चित्रावर तिचा काळा अंगठा उठला. शाळेच्या बाई धाकटीला वर्गासमोर बोलल्या. तेव्हापासून थोरली पुस्तकाला शिवत नव्हती, नुसतं विचारत होती.

"ऊर्जा म्हणजे काय?" तिने वरून विचारलं.

"काम करण्याची क्षमता."

"तिचा मुख्य स्रोत?"

"सूर्य."

"मग या लाकडात काय आहे?"

"सूर्याचीच ऊर्जा. झाडाने पानांत धरली, खोडात साठवली."

"आणि आपण ती पोत्यात भरतो," खाटेवरून बाप म्हणाला. "म्हणजे मी आजवर ऊन विकत होतो म्हणा की! आधी सांगितलं असतं तर भाव वाढवून मागितला असता."

बाप दोन्ही पाय लांब करून पोत्यांची तोंडं शिवायच्या तयारीत बसला होता. डावा पाय गुडघ्यापर्यंत फडक्यात गुंडाळलेला. हंगामाच्या सुरुवातीलाच भट्टीवर चढताना वरची माती फुटून त्याचा पाय आत गेला होता. जखम भरत आली होती, पण वर चढणं यंदा तरी बंद झालं होतं. तेव्हापासून भट्टी दोघी बहिणींच्या अंगावर होती.

"पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्याला काय म्हणतात?"

"परिवलन. त्यामुळे दिवस आणि रात्र होते. ताई, चिखल घट्ट झालाय, पाणी घालू?"

"घाल थोडं. आणि सूर्याभोवती फिरते ते?"

"परिभ्रमण. त्यामुळे ऋतू होतात."

"शाबास! आता सजीवांची लक्षणं."

हा थोरलीचा आवडता धडा. तो विचारताना तिचा आवाजच बदलायचा.

"हालचाल करतात," धाकटी म्हणाली, "अन्न घेतात, श्वास घेतात, वाढतात, नको ते बाहेर टाकतात, स्पर्शाला उत्तर देतात, आपल्यासारखा दुसरा जीव जन्माला घालतात."

"आणि हे सगळं आपली भट्टी करते की नाही? खाते, श्वास घेते, राख बाहेर टाकते, भोक बुजवलं की घुसमटते. आणि दरवेळी लेक जन्माला घालते."

धाकटीने घमेलं वर दिलं आणि बादली घेऊन पाण्याला गेली.

लेक जन्माला घालते, हे थोरली उगाच म्हणत नव्हती. त्यांच्या घरात भट्टीला काडी लावत नसत. एक भट्टी उघडली की तिच्या पोटात कुठेतरी एखादा निखारा धुगधुगत असायचाच. तो मडक्यात राखेखाली झाकून ठेवायचा, आणि पुढची भट्टी त्याच्यावरच पेटवायची. हंगाम संपला की तोच विस्तव चुलीत जपायचा. ही रीत आईची. काडीने पेटवलेली भट्टी पोरकी, असं ती म्हणायची, आणि शेजारपाजारचे कोळसेवाले तिला हसायचे.

धाकटीच्या जन्मानंतर आई अंथरुणाला खिळली. थोरली तेव्हा चौथीत होती. उजळणी चालू होती, ऊर्जा झाली होती, पृथ्वी झाली होती, सजीव अर्ध्यावर आले होते, आणि बाप शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. तान्ह्या पोरीला घ्यायला घरात कुणी नव्हतं. थोरली दप्तर घेऊन निघाली ती निघालीच. पुस्तकाची सुरुवातीची पानं तिला तोंडपाठ होती. शेवटची तिने कधी पाहिलीच नाहीत.

पुढे दोनेक वर्षांनी आई गेली. धाकटी जेमतेम बोलू लागली होती. रात्री झोपायची नाही, आई कुठे आहे म्हणून भंडावून सोडायची. एके रात्री थोरलीने तिला कडेवर घेतलं, भट्टीपाशी नेलं आणि म्हणाली, "हा विस्तव आईने पेटवलेला आहे. विझलाय का कधी? नाही ना? जिवंत आहे तो. बघ, श्वास घेतोय." पोरीने भोकाला कान लावला. आतून येणारा बारीक आवाज ऐकला आणि थोरलीच्या खांद्यावर झोपून गेली.

तेव्हापासून रोज तेच चाललं होतं. आणि आता धाकटी स्वतः चौथीत आली होती, आणि तिची उजळणी चालू होती.

बाईंनी सांगून ठेवलं होतं, या उजळणीच्या चाचणीत जी मुलं चांगल्या गुणांनी पास होतील त्यांना शहरातल्या निवासी शाळेत जागा मिळेल. राहणं तिथंच, जेवण तिथंच, अभ्यासाला विजेचा दिवा, आणि काम कसलंच नाही. थोरलीने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. धाकटी गेलीच पाहिजे. हा ध्यास तिचाच. आणि संध्याकाळी दोघी हातपाय धुऊन पाठीला पाठ लावून बसल्या की, ही उद्या नसेल तर मी कुणाच्या पाठीला पाठ लावू, हा विचारही तिचाच.

"दोघींचं काम एकीला झेपेल का?" बापाने एकदा विचारलं होतं.

"झेपवीन."

"मी जाऊ नको म्हणत नाही. फक्त विचारलं."

"मग आता परत विचारू नका."

चाचणीच्या दिवशी वाऱ्याने कहर केला. थोरलीने धाकटीला न्हाऊ घातलं, नखांतली काजळी काडीने कोरून काढली, वेणी इतकी घट्ट घातली की पोरीचे डोळे ताणले गेले. धाकटी रस्त्याला लागली आणि इकडे भट्टीच्या माथ्याला भगदाड पडलं. आतला लाल उजेड दिसायला लागला. थोरली एकटीच वर चढली. चिखल आणायला खाली, भरायला वर, पुन्हा खाली. भुवया होरपळल्या. बाप खाटेवरून ओरडत होता, "डावीकडे! अगं डावीकडे दाब! फळी सोडू नको!" शेवटी त्याला राहवेना. तो फरपटत आला आणि बसल्या जागेवरून घमेली भरून देऊ लागला. दुपारी भट्टी ताब्यात आली तेव्हा दोघं तिथंच मातीवर आडवी झाली.

धाकटी परत आली. थोरलीने चेहऱ्यावरचा चिखलही पुसला नव्हता.

"पेपर कसा गेला?"

"बरा गेला."

"सजीव आले होते का?"

"आले होते."

"मग काय, तू तर पोपटासारखी म्हणतेस!"

धाकटीने तिच्या होरपळलेल्या भुवईवर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं, आणि कपडे बदलायला खोपटात गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात धूर पातळ झाला, निळसर झाला, म्हणजे भट्टी शिजली. दोघींनी सगळी भोकं बुजवली. थंड होऊन उघडल्यावर कोळसा मोजकाच निघाला, पण खणखणीत निघाला. पोती न्यायला टेम्पोवाला आला. हा माणूस आला की आधी चहा मागायचा आणि मग थोरलीची चेष्टा करायचा.

"तुमची भट्टी आणि माझा टेम्पो, दोघांचा धूर सारखाच. आपलं जमायला हरकत नाही!"

"आधी टेम्पो ढकलल्याशिवाय सुरू करून दाखवा, मग बोला," थोरली म्हणाली. बाप मोठ्याने हसला.

टेम्पोवाल्याने चहा संपवला आणि कपाळावर हात मारला. "अरे हो, विसरलोच की. शाळेपाशी बाई भेटल्या. घरातलं कुणीतरी भेटायला या म्हणाल्या, आजच. धाकटीबद्दल काहीतरी आहे."

थोरलीच्या हातातलं पोतं तिथंच राहिलं.

तिने हातपाय घासघासून धुतले, पण काजळी काही धुऊन जाणारी नव्हती; ती कातडीच्या आत गेलेली. स्वच्छ साडी नेसली आणि टेम्पोत पोत्यांच्या पुढे बसून शाळेपाशी उतरली. मधली सुट्टी होती. पोरं आवारात धुमाकूळ घालत होती. धाकटी कुठे दिसेना. दोन पोरी थोरलीकडे बघून एकमेकींच्या कानात बोलल्या आणि खिदळल्या. तिने पदर पुढे ओढून हात झाकले.

बाई वर्गात एकट्याच डबा खात होत्या. वयाने थोरलीहून फार मोठ्या नसाव्यात. "बसा ना," त्या म्हणाल्या. थोरली उभीच राहिली. बाकावर डाग पडला तर?

बाईंनी टेबलावरून धाकटीचा पेपर काढला. "ऊर्जा सगळी बरोबर. पृथ्वी सगळी बरोबर. शेवटचा मोठा प्रश्न होता, परिसरातला एक सजीव निवडा आणि त्याच्यात सजीवांची लक्षणं कशी दिसतात ते लिहा. कुणी बकरी लिहिली, कुणी चिंचेचं झाड लिहिलं. आणि हिने काय लिहिलं बघा."

थोरलीने कितीतरी वर्षांनी कागदावरची अक्षरं जुळवून वाचली. 'आमची भट्टी. आमची भट्टी सजीव आहे. ती लाकूड खाते. ती भोकांतून श्वास घेते. माझी ताई तिच्याशी बोलते. ती ताईला सोडून कुठे जात नाही.' आणि त्याच्यापुढे लाल शाईचा भोपळा.

थोरलीला दरदरून घाम फुटला. "बाई, तिचा काही दोष नाही. मीच तिला असं शिकवलं. लहान होती तेव्हापासून सांगत आलेय. माझी चूक आहे, तिला शिक्षा करू नका."

"पण तिला बरोबर काय ते माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मागच्याच महिन्यात वर्गात मी विचारलं होतं, विस्तव सजीव की निर्जीव? सगळी पोरं सजीव म्हणाली. एकटी हीच उठली आणि कारणासकट सांगितलं, निर्जीव. आता तिने हे मुद्दाम लिहिलंय. का लिहिलं असेल, तुम्हीच सांगा."

थोरलीच्या डोक्यात झणझणलं. का, ते विचारायची गरजच नव्हती.

"मग आता?"

"हे गुण गेले तर निवासी शाळेची जागा गेली. थोडक्यात हुकतेय. एका प्रश्नाचं तोंडी उत्तर पुन्हा घ्यायची मुभा आहे मला. उद्या सकाळी वर्गात विचारीन. सांगितलं तर ठीक."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर यंदा राहील घरी. पुढे नशीब."

यंदा राहील घरी. हे ऐकलं आणि थोरलीच्या काळजात आनंदाची अशी उकळी फुटली की तिची तिलाच लाज वाटली. राहील घरी! आपल्याला काही करायला नको, नुसतं गप्प बसायचं. कुणी बोटसुद्धा दाखवणार नाही. ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. मग तिने एकदम विचारलं, "बाई, निर्जीव का? तो खातो, वाढतो, मग निर्जीव कसा?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "पेशी माहीत आहेत?"

"नाही. मी शाळेतून निघाले तोवर ते आलं नव्हतं."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग कपाटातून एक जुनं दुर्बिणीसारखं यंत्र काढलं, डब्यातल्या कांद्याच्या फोडीचा पापुद्रा सोलून काचेवर ठेवला आणि यंत्र उजेडाकडे वळवलं. "या, इथे डोळा लावा. घाबरू नका, हात लागला तरी चालेल."

थोरलीने डोळा लावला. आधी नुसतं धूसर दिसलं. बाईंनी चाकी फिरवली आणि एकदम खोल्या दिसल्या. एकाला एक चिकटलेल्या, लांबट, स्वच्छ खोल्याच खोल्या, कुणीतरी ओळीने बांधून ठेवल्यासारख्या.

"अगं बाई!" तिच्या तोंडून निघालं.

"या पेशी. झाड, बकरी, तुम्ही, मी, सगळे यांचेच बनलेले आहोत. जे सजीव आहे त्यात या असतातच. विस्तवात नसतात. विस्तव नुसता वाढताना दिसतो. त्याला काही कळत नाही."

थोरली डोळा काढेना. कांदा ती रोज चिरत होती. रोज चिरत होती आणि तिला हे कुणी दाखवलं नव्हतं. आणखी काय काय असेल त्या शेवटच्या पानांत? पोटातल्या भुकेपेक्षाही काहीतरी मोठं तिच्या आत उठलं, इथंच बसावं, कुणी हाकलेपर्यंत बसावं, पान उलटत उलटत शेवटपर्यंत जावं. तेवढ्यात घंटा झाली, पोरं वर्गात घुसली आणि बाई यंत्र उचलून कपाटात ठेवायला लागल्या.

संध्याकाळी धाकटी घरी आली. थोरली शाळेत आल्याचं तिला कळलं होतं. दोघी नव्या भट्टीसाठी लाकडं रचू लागल्या. जाड ओंडके मध्ये, बारीक बाहेर. एकीने उचलायचं, दुसरीने बसवायचं. बोलावं लागत नसे इतकी सवय.

"मुद्दाम लिहिलंस ना?" थोरलीने विचारलं.

"हो."

"का?"

"मला नाही जायचं."

"तुला विचारलंय कुणी? तू जायचंस! विजेच्या दिव्याखाली बसून शिकायचं तुला. लाकडं काय, मी रचीन."

"भगदाड पडलं तर?"

"बुजवीन."

"एकटी?"

"एकटीच बुजवलं ना त्या दिवशी!"

"म्हणून तर भुवया गेल्या," धाकटी म्हणाली आणि तिचा आवाज कापला.

थोरलीने हातातला ओंडका खाली टाकला. जे बोलायचं ते आत्ताच बोलायला हवं होतं, नाहीतर ते पुन्हा कधी तोंडातून निघालं नसतं.

"ऐक. भट्टी सजीव नाही. विस्तव सजीव नाही. त्याच्यात आई नाही. तू रडायची थांबेनास म्हणून मी सांगितलं होतं, तुला झोपवायला. खोटं होतं ते. उद्या बाईंना सरळ सांग आणि मोकळी हो."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. रडेल, चिडेल, असं थोरलीला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही.

"ते मला कधीचंच माहीत आहे, ताई," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुलाच माहीत नाही."

थोरली खाली टाकलेला ओंडका उचलायला वाकली.

"मी झोपले असं वाटलं की तू उठून भट्टीपाशी जाऊन बसतेस. आज काय झालं ते तिला सांगतेस. मी किती वेळा ऐकलंय. मी गेल्यावर तू तेच करत बसशील. माणसांशी बोलणारच नाहीस."

खाटेवर बाप शिवायचं थांबला होता. मग बाप खाकरला आणि म्हणाला, "भट्टी एक कमी लावू यंदा. माझा पाय बरा होईल तोवर." एवढंच म्हणाला आणि पुन्हा सुई ओवायला लागला. दोरा काही केल्या जाईना. त्याचे डोळे भरले होते की धुराने गेले होते, कुणास ठाऊक.

त्या रात्री थोरली निखाऱ्याच्या मडक्यापाशी गेली नाही. धाकटीच्या पाठीला पाठ लावून पडून राहिली. दोघींपैकी एकीलाही झोप नव्हती आणि दोघी ते एकमेकींना कळू देत नव्हत्या.

सकाळी दोघी बरोबरच शाळेत गेल्या. थोरली दाराबाहेर थांबली. वर्ग भरलेला होता. बाईंनी हजेरी घेतली, खडू उचलला आणि धाकटीला उभं केलं.

"सांग. विस्तव सजीव की निर्जीव? आणि का?"

धाकटीने दाराकडे पाहिलं.

"अगं, येतंय ना तुला? मग सांग की."

"आधी ताईला विचारा," धाकटी म्हणाली.

वर्गात खसखस पिकली. बाई वैतागल्या. "परीक्षा तुझी आहे की ताईची?"

"ताईने सांगितलं की मी सांगते. तिने सगळ्यांसमोर सांगायला हवं. नाहीतर मी नाही सांगणार, शून्य द्या."

बाईंनी दाराकडे पाहिलं. सगळी पोरं माना वळवून दाराकडे बघायला लागली. थोरलीला वाटलं, पळून जावं. हात पदराखाली होते, ते आणखी आत गेले. पण धाकटी हट्टी होती, तिला ती ओळखून होती. शून्य घेईल आणि घरी येईल, आणि जन्मभर घमेली उचलील, आणि कधी तक्रारही करणार नाही. थोरली उंबरा ओलांडून आत आली.

"विचारा," ती म्हणाली.

"विस्तव सजीव की निर्जीव?"

तेवढा एक शब्द उच्चारायचा होता, आणि तो जिभेवर येता येत नव्हता. इतकी वर्षं दिवसभराचं सगळं ज्याला सांगितलं, धाकटीचा पहिला दात पडला तेव्हापासून ते तिच्या पहिल्या शंभर गुणांपर्यंत, त्याच्याबद्दल बोलायचं होतं. आई परत एकदा जाणार होती, आणि या वेळी तिला थोरलीच धाडत होती.

"निर्जीव," ती म्हणाली.

"का?"

"तो खाताना दिसतो. वाढताना दिसतो. पण त्याला पेशी नसतात." तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. "आपण बोललेलं त्याला ऐकू येत नाही. आपण कोण, तेही त्याला कळत नाही. लाकूड संपलं की तो विझतो, बस."

हसणारी पोरंही हसायची थांबली.

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि सवयीने पुढे म्हणाल्या, "बस खाली."

थोरली बसली. पहिल्याच बाकावर, एका छोट्या पोरीच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन. काळे हात तिने बाकावर उघडे ठेवले. त्या पोरीने सरकून तिला आणखी जागा दिली.

मग धाकटी ताठ उभी राहिली. तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि बोलायला सुरुवात केली. सजीव कशाला म्हणतात, पेशी म्हणजे काय, विस्तव निर्जीव का, झाड सजीव का, सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वच्छ आवाजात. थोरली जीव मुठीत धरून ऐकत होती. कुठेतरी अडखळावी, एखादं तरी चुकावं, असं तिला शेवटच्या क्षणापर्यंत वाटत राहिलं. पोरगी एकही शब्द चुकली नाही.